उरलेल्या मातीची भांडी भट्टीत फुगत होती: सामायिक स्टुडिओतला माझा अनुभव

नव्या मातीची भांडी ठीक, पण सगळ्यांच्या उरलेल्या मातीची १२२० अंशांना फुगायची, फोड यायचे. जास्त मळून पाहिलं, बिस्किट भाजणी (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) सावकाश केली. काही उपयोग नाही, नुसता वैताग. कारण निघालं उरलेल्या मातीच्या एकाच बादलीत पडणारी टेराकोटा, म्हणजे कमी तापमानाला भाजायची लाल माती. ती एवढी उष्णता सोसत नाही.

आता स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची माती) आणि टेराकोटाच्या बादल्या वेगळ्या, झाकणावर त्या-त्या मातीचा भाजलेला तुकडा चिकटवलेला (लेबल कोण वाचतं!). उरलेल्या मातीचे तुकडे आधी कडकडीत वाळवायचे, मगच पाण्यात. अर्धवट ओले नीट विरत नाहीत. रात्रभर ठेवून वरचं पाणी काढायचं, गाळ प्लास्टरच्या लादीवर पसरायचा. उचलताना लादी खरवडायची नाही, प्लास्टरचा कण मातीत गेला तर भाजल्यावर टवका उडतो. मग मळायचं. प्रत्येक घाण्याची एक चकती भट्टीतल्या शेल्फच्या जुन्या तुकड्यावर ठेवून पूर्ण तापमानाला भाजायची. ती सपाट निघाली तरच माती वाटायची.