पाइपलाइनच्या प्रत्येक रनची नोंद कशी ठेवावी

पाइपलाइन म्हणजे कोड तपासून त्यातून सॉफ्टवेअर तयार करणारी, आपोआप चालणारी साखळी आणि रन म्हणजे तिची एक फेरी. प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) आत्ता चालू असलेली इमेज (सॉफ्टवेअरचा चालवण्यास तयार संच) कोणत्या कोडमधून आणि कोणत्या रनमध्ये तयार झाली, हे कोणालाही न विचारता सांगता यायचे असेल, तर नोंद केवळ रिलीजची ठेवून भागत नाही. ती एकेका रनची ठेवावी लागते. उदाहरणासाठी गिटहब ॲक्शन्स, म्हणजे कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेतील पाइपलाइन चालवण्याची सोय, घेऊ.

आधी रनची ओळख निश्चित करावी. गिटहब प्रत्येक रनला आयडी देते, मात्र तोच रन पुन्हा चालवला की आयडी तोच राहतो आणि फक्त अटेम्प्टचा आकडा वाढतो. त्यामुळे आयडी व अटेम्प्ट मिळून एक नोंद धरावी. नाहीतर पहिल्या वेळी फसलेली आणि दुसऱ्या वेळी पास झालेली टेस्ट एकाच ओळीत मिसळते व अधूनमधून फसणाऱ्या टेस्टचा माग तिथेच हरवतो.

मग या नोंदीला दोन्ही टोके जोडावीत. कोडच्या बाजूने ब्रँचचे नाव पुरेसे नाही, कारण ब्रँच (कोडची शाखा) नव्या बदलांबरोबर पुढे सरकते. कमिटचा, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या एका बदलाचा, ४० अक्षरी पूर्ण हॅश (आशयावरून काढलेली ओळखखूण) लिहावा. इमेजच्या बाजूने टॅगवर (इमेजला दिलेल्या नावावर) विसंबू नये. एका प्रकल्पात ‘लेटेस्ट’ हा टॅग मधल्या काळात दुसऱ्या इमेजवर गेला होता आणि आम्ही अख्खा दिवस भलत्याच कोडमध्ये दोष शोधत बसलो. त्याऐवजी डायजेस्ट, म्हणजे इमेजचा हॅश, लिहावा. तो इमेजच्या आशयावरूनच काढलेला असतो, त्यामुळे आशय बदलला की तोही बदलतो. डिप्लॉय करतानाही (इमेज प्रॉडक्शनमध्ये चढवतानाही) डायजेस्टच द्यावा. रन कोणी सुरू केला आणि केव्हा, हेही लिहावे. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असावी. पासवर्ड किंवा टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) मात्र नोंदीत कधीही येऊ देऊ नये.

नोंद लिहिणारा जॉब (रनमधील एक काम) वेगळा ठेवून, आधीचे जॉब फसले तरी तो चालेल अशी अट घालावी, कारण तपासाच्या वेळी फसलेले रनच अधिक बोलतात.

गिटहबवर लॉग (रन चालताना आपोआप लिहिला जाणारा तपशील) मूळ सेटिंगनुसार ९० दिवसच राहतात, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील कंपन्यांना आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणून नोंदी व लॉग, जुने बदलता येणार नाही अशा वेगळ्या साठ्यात रोज हलवावेत.

महिन्यातून एकदा प्रॉडक्शनमधील एखाद्या कंटेनरच्या (इमेजवरून चालू असलेल्या प्रतीच्या) इमेजचा डायजेस्ट घेऊन कमिटपर्यंत उलटे जाऊन पाहावे आणि जिथे कोणाला तरी विचारण्याची वेळ आली, तिथली माहिती आपोआप लिहिली जाईल असा बदल स्क्रिप्टमध्ये त्याच दिवशी करावा.