‘स्टेम सेल’वाल्याला पैसे देण्याआधी

बाळाने जन्मल्यावर ४८ तासांत काळी शी केली नाही, पोट फुगलं आणि बायोप्सीत (आतड्याचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) आतड्याच्या चेतापेशी सापडल्या नाहीत, तर तो हिर्शस्प्रंगचा आजार. गर्भात या पेशी आतड्यात वरून खाली सरकतात. वाटेत थांबल्या की खालचा भाग आवळलेलाच राहतो.

स्टेम सेलपासून (ज्यातून वेगवेगळ्या पेशी घडतात अशा मूळ पेशींपासून) या पेशी बनवून उंदरांच्या आतड्यात रुजवल्या गेल्यात. बाळांसाठी मान्य उपचार अजून नाही. म्हणून कुणी पॅकेज सांगितलं तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. चाचणीतल्या उपचाराला पैसे मागितले, तर तिथूनच उठा. आजचा खरा उपाय ऑपरेशन: खराब भाग काढून चांगलं आतडं खाली जोडणं.

तोवर गुदद्वारातून नळीने आतडं धुणं. नर्ससमोर स्वतःच्या हाताने करून शिका. कोमट नॉर्मल सलाइन (०.९% मिठाचं द्रावण), डॉक्टरांनी दिलेल्या मापाची मऊ नळी, टोकाला जेली. एका वेळी साधारण १० ते २० मिली सोडा, तेवढं बाहेर येऊ द्या, मगच पुढचं. गेलं त्यापेक्षा कमी आलं तर थांबा, फोन करा. साधं पाणी कधीच नको. ते शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम घसरतं, झटके येतात. नळी अडली तर ढकलू नका, आतडं फाटतं.

ताप, हिरवी उलटी, टणक पोट, घाण वासाची पिचकारीसारखी शी: ही आतड्याला संसर्ग होऊन सूज आल्याची लक्षणं; सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी पावसाळ्यात गाडी आधीच सांगून ठेवावी. ऑपरेशननंतरही या संसर्गाचा धोका असतो.