दसऱ्यानंतर कॅसेटी उतरवायला बसण्याआधी

घरातल्या जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवायच्या, तर पहिली तयारी मशीनची नाही, ढीग लावण्याची आहे. सगळ्या सतरंजीवर मांडा. विकत आणलेलं एका बाजूला, घरी टेप केलेलं दुसऱ्या बाजूला. कंपनीने काढलेल्या गाण्यांची आणखी एखादी प्रत कुणाकडे तरी सापडते. पण आजीने नातवाच्या हट्टापायी टू-इन-वनसमोर बसून म्हटलेल्या ओव्या, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत कुणी मांडीवर टेप ठेवून घेतलेलं भाषण, बारशाचा पाळणा, दूर गेलेल्या मामाने पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट, या सगळ्यांची जगात एकच प्रत आहे आणि ती तुमच्या सतरंजीवर पडली आहे. आधी त्याच उतरवायच्या. हात मात्र विकतच्या कॅसेटवर बसवा, कारण जुनी फीत एकदाच नीट वाजेल आणि पुन्हा वाजणार नाही, असंही होतं.

ढीग लावतानाच प्रत्येक घरगुती कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात मोडून टाका. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनही नवीन रेकॉर्डिंग होत नाही. एवढं आजच करा, बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल.

नाशिकमध्ये हे काम पावसाळ्यात काढू नये. जून ते सप्टेंबर कपाटातली ओल जात नाही आणि फितीवर पांढरी बुरशी धरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बसावं. तरीही कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, हाताळताना तोंडाला मास्क लावा आणि तशीच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये, घालू नका. ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. २००८ किंवा २०१६ च्या पुरात सराफ बाजाराच्या बाजूच्या घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा भिजलेल्या कॅसेटी कुणी सांभाळून ठेवल्या असतील तर त्यांनाही घाई नको. त्या फितीतली माती डेकचा हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, खरवडते. अशा कॅसेटी अनुभवी माणसाकडेच द्याव्यात.

आता कॅसेट उघडण्याचं. कवचाला पाच स्क्रू असतील तर घड्याळजीकडे असतो तसा बारीक स्क्रूड्रायव्हर पुरतो. आमच्या आजीच्या कॅसेटचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. फीत गेली असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. उघडली तेव्हा कळलं की फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी तेवढी निखळून कोपऱ्यात पडली होती. तांब्याची पट्टी जागेवर होती, गादी नव्हती. एका बाद कॅसेटच्या कवचात आजीच्या फितीच्या दोन्ही चकत्या जशाच्या तशा उचलून ठेवल्या, स्क्रू बसवले, आणि आजी समोर बसल्यासारखी ऐकू आली. मागे कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा. म्हणून चार-पाच नको असलेल्या, स्क्रूवाल्या कॅसेटी जमवून ठेवा. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने जोडू नका. तिचा डिंक पाघळतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. खास फितीसाठीची जोडपट्टी मिळते.

डेक शक्यतो चांगला हवा, टू-इन-वन नको. जुन्या डेकचे रबरी पट्टे सैल होतात किंवा विरघळून काळं डांबर होतं; ते आधी बदलून घ्या. हेड आणि फीत ओढणारी बारीक दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत पुसायचं. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू. कॅसेट चालू असताना तो अगदी केसभर फिरवला की आवाज एकदम मोकळा होतो, चकार-सकार स्पष्ट होतात. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली असते, म्हणून हे दर कॅसेटला कानाने जुळवावं लागतं.

रेकॉर्डची गोष्ट वेगळी. मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्ड विनाइलच्या, तर ७८ च्या बहुतेक जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी आजोबांची एक तबकडी स्पिरिटने पुसली. कापूस काळा झाला आणि त्या पट्ट्यातली चकाकी कायमची गेली. आजही ती हातात घेताना वाईट वाटतं. लाखेला डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून घेणं, एवढंच. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात.

७८ ला सुईही वेगळी लागते. तिची खाच एलपीच्या, म्हणजे ३३ च्या मोठ्या रेकॉर्डच्या, खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते; एलपीची सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनवर, ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून लॅपटॉपवरच्या ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग वाढवता येतो. टर्नटेबलची अर्थची तार प्रीॲम्पला, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डब्याला, जोडलेली हवी, नाहीतर गुणगुण येते. आणि जागा बघा. वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर कुणी चाललं तरी सुई थरथरते. तळमजल्यावर, शहाबादी फरशीवर, भिंतीलगत जड टेबल ठेवा.

लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी नाही. डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा, लाइन-इन असलेला छोटा यूएसबी इंटरफेस घ्या, एम. जी. रोडवर विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन मागवा. कॅसेटसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरेसं, रेकॉर्डसाठी ९६ ठेवा. मोठ्यातला मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाइल वॅव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात ठेवा, त्यात आवाजातलं काही गळत नाही. साठ मिनिटांची कॅसेट वॅव्हमध्ये साधारण १ जीबी होते, म्हणजे चाळीस कॅसेटींना ४० जीबीच्या आसपास जागा धरा, आणि तेवढीच दुसऱ्या डिस्कवर. खरखर काढायची ती कॉपीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, वर अर्धा तास धरा. दिवसाला तीन झाल्या तरी पुष्कळ.

एक दोनशेपानी वही आणा. प्रत्येक कॅसेटला नंबर, बाजू, कव्हरवरचं अक्षर जसंच्या तसं, आणि रेकॉर्डच्या लेबलजवळ कोरलेला आकडा. कव्हरचा फोटो काढा. आणि आत्याला दसऱ्यानंतर चार दिवस राहायला बोलवा. मागे खोकणारं कोण, पाळणा म्हणणारी कोण, हे सांगणारी आता तीच आहे. तिला हेडफोन द्या, वही तुम्ही धरा, आणि दुपारी तिची झोप झाल्यावर बसा.