डॉकेटवर तुमचं नाव हवं

अमेरिकेत जेडी (तिथली कायद्याची पदवी) करणारी आपली मुलंमुली हटकून विचारतात, सरकारी वकिलीतून फेडरल जज होता येतं का? येतं, आणि ही वाट चांगली मळलेली आहे. सॅम्युअल अलिटो 1977 साली न्यू जर्सीत असिस्टंट यूएस अटर्नी, म्हणजे जिल्ह्यातल्या फेडरल सरकारच्या मुख्य वकिलाचे (यूएस अटर्नीचे) सहायक, म्हणून लागले, मध्ये काही वर्षं वॉशिंग्टनला सॉलिसिटर जनरलच्या कचेरीत काढली, परत येऊन न्यू जर्सीचेच यूएस अटर्नी झाले आणि 1990 मध्ये थर्ड सर्किटचे, म्हणजे तिथल्या फेडरल अपील कोर्टाचे, जज. भारतीय वंशाचं उदाहरण हवं असेल तर अमूल थापर बघा. केंटकीच्या पूर्व जिल्ह्याचे यूएस अटर्नी होते, 2008 मध्ये तिथेच डिस्ट्रिक्ट जज झाले, 2017 मध्ये सिक्स्थ सर्किटवर गेले. श्री श्रीनिवासन सॉलिसिटर जनरलच्या कचेरीतून डी.सी. सर्किटवर गेले, 2013 मध्ये सिनेटने त्यांना 97 विरुद्ध 0 मतांनी मंजुरी दिली.

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार, सिनेट मंजूर करणार, मग तहहयात पद, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मॅजिस्ट्रेट जजचं, म्हणजे फेडरल जिल्हा कोर्टात जजना साहाय्य करणाऱ्या जजचं, वेगळं. त्यांना जिल्ह्याचे जजच निवडतात, मुदत 8 वर्षांची. राजकीय ओळखीपाळखी नसतील तर ही जागा जास्त आवाक्यातली. नागरिकत्वाबद्दल मात्र स्पष्टच सांगते. न्याय खातं नागरिक नसलेल्या वकिलाला अगदी क्वचित घेतं. पुण्या-मुंबईहून एलएलबी करून इथे एलएलएमला आलेल्यांनी न्यूयॉर्कची बार परीक्षा जरूर द्यावी, पण व्हिसावर असताना या नोकरीच्या भरवशावर कर्ज काढू नये.

आता मी जिथे अडकले ते.

माझी पहिली सरकारी नोकरी एका फेडरल एजन्सीच्या कायदा विभागातली. पगार बरा, काम भरपूर, माणसं हुशार. पण सरकारच्या वतीने कोर्टात दावा चालवण्याचा अधिकार कायद्याने न्याय खात्याकडे आहे. अमेरिकन संहितेच्या 28व्या टायटलमधलं कलम 516 वाचा. एजन्सीवर दावा झाला की एजन्सीची वकील फाइल लावते, अधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तयार करते, ब्रीफचा (कोर्टात द्यायच्या लेखी युक्तिवादाचा) मसुदा लिहिते, आणि कोर्टात उभा राहतो असिस्टंट यूएस अटर्नी. ब्रीफच्या शेवटी सहीच्या जागी वर यूएस अटर्नीचं नाव, खाली त्याचं. एजन्सीच्या वकिलाचं नाव आलंच तर ‘ऑफ काउन्सेल’ (मदतनीस वकील) म्हणून तळाशी. जागरणं दोघांची सारखीच, पण डॉकेटवर, म्हणजे कोर्टाच्या त्या दाव्याच्या नोंदवहीत, तुम्ही नसता.

हे तेव्हा कुणालाच टोचत नाही. टोचतं ते मॅजिस्ट्रेटच्या जागेसाठी अर्ज भरताना. सिनेटची प्रश्नावली तर याहून कडक. तुम्ही स्वतः हाताळलेली 10 महत्त्वाची प्रकरणं लिहा. कोर्ट कुठलं, जज कोण, तुमचा वाटा नेमका काय, समोरचा वकील कोण आणि त्याचा पत्ता-फोन. निकालापर्यंत किती खटले चालवले, त्यांत एकट्याने किती, मुख्य वकील म्हणून किती, सहायक म्हणून किती. ज्युरीपुढे किती टक्के. फेडरल कोर्टात किती टक्के काम आणि प्रशासकीय मंडळांपुढे किती.

या प्रश्नावलीत एक सवलत आहे: रेकॉर्डवर तुम्ही वकील नसलात तरी प्रकरण लिहिता येतं. तिच्यावर विसंबू नका. चौकशी करणारा फोन करतो तो समोरच्या वकिलाला, आणि त्याने तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं. मी पेसरवर (फेडरल कोर्टांची कागदपत्रं ऑनलाइन दाखवणाऱ्या सेवेवर) वकिलाच्या नावाने शोध घेतला तेव्हा ज्या दाव्यांच्या ब्रीफमधला परिच्छेद न् परिच्छेद मला आठवत होता, ते माझ्या नावाखाली आलेच नाहीत. जुने मसुदेही हाती नव्हते, कारण ते सरकारी दस्तऐवज. नोकरी सोडताना घरी नेता येत नाहीत आणि नेऊही नयेत.

घाबरून एजन्सीची नोकरी नाकारू मात्र नका. आत राहूनही मार्ग आहे. एजन्सीच्या वकिलाला स्पेशल असिस्टंट यूएस अटर्नी म्हणून नेमता येतं, मग तो स्वतः कोर्टात उभा राहतो. ही नेमणूक आपणहून मागावी लागते, सहसा कुणी देऊ करत नाही. तोवर नोकरीविषयक तक्रारींच्या सुनावण्या घ्या. मेरिट सिस्टीम्स प्रोटेक्शन बोर्डापुढे (फेडरल कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे) एजन्सीचाच वकील साक्षी काढतो, उलटतपासणी घेतो. हा अनुभव खरा आहे, फक्त तो प्रश्नावलीत वेगळ्या रकान्यात जातो. आणि न्याय खात्यात गेलात की पहिल्याच दिवशी नोटिस ऑफ अपिअरन्स (या प्रकरणात मी वकील आहे अशी कोर्टाला दिलेली सूचना) दाखल करा. पुढे तुम्ही कचेरी सोडलीत तरी नाव पुसलं जात नाही, त्यापुढे फक्त समाप्तीची तारीख पडते.

क्लर्कशिपबद्दल (जजच्या हाताखाली सहायक म्हणून करायच्या नोकरीबद्दल) माझं मत अनेकांना पटत नाही. ती जरूर करा, जज कसा विचार करतो ते तिथे जवळून दिसतं. पण क्लर्कशिप केली की अर्धा रस्ता सर झाला, असं समजू नका. अमेरिकन बार असोसिएशनची समिती साधारण 12 वर्षांच्या वकिलीची आणि भरीव कोर्ट अनुभवाची अपेक्षा धरत आली आहे. या अनुभवाला जवळची वाट नाही. मार्गदर्शकाचंही तसंच. परिषदेत भेटलेलं मोठं नाव शिफारसपत्र देईल, पण तुमच्या हाती साक्षीदार सोपवणारा वरिष्ठ त्याहून कितीतरी मोलाचा. मला तो न्याय खात्यात आल्यावर भेटला. खटल्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने तज्ज्ञ साक्षीदाराची फाइल माझ्याकडे सरकवली आणि स्वतः मागच्या बाकावर बसला. त्या खटल्यात समोर असलेल्या वकिलाचं नाव आज माझ्या अर्जात आहे. त्याच्याशी तारखांवरून, कागदपत्रांवरून मी कडाडून भांडले, पण दिलेला शब्द मोडला नाही. म्हणून त्याला फोन गेला तर मला धास्ती नाही.

पेसरचं खातं आजच उघडा. पानाला 10 सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीचं बिल 30 डॉलरच्या आत राहिलं तर माफ. प्रत्येक प्रकरण संपलं की डॉकेट उतरवून घ्या, आणि शेजारी स्वतःच्या वहीत समोरच्या वकिलाचं नाव, जजचं नाव आणि तुम्ही कुठला साक्षीदार तपासलात ते त्याच आठवड्यात लिहा.