कोकणातले फोटो आणि रंग: या चुका टाळा

पावसाळा लागला की कोकणातल्या फोटोंचा पूर येतो आणि त्यातले कितीतरी बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळं एकाच भडक पोपटी रंगात रंगवल्यासारखं दिसतं. अहो, आमच्याकडे हिरवा हा एक रंग नाहीच. तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, पोपटी वेगळा, माडाच्या झावळीचा काळपट वेगळा, गडग्यावरच्या (दगडी कुंपणावरच्या) शेवाळाचा पिवळट तर अजूनच वेगळा. सॅच्युरेशनचा, म्हणजे सगळेच रंग सरसकट गडद करणारा, स्लायडर टोकाला नेला की तिघांतला फरकच मरतो. त्याऐवजी व्हायब्रन्स थोडा वाढवा, तो मुळात भडक असलेल्या रंगांना फारसा हात लावत नाही. आणि रंग वेगवेगळे करायची सोय असेल तर हिरव्याच्या आधी पिवळा हलवून बघा, पानांचा बराचसा रंग तिथेच लपलेला असतो.

पण खरं दुखणं एडिटिंगच्या आधीचं आहे. ओल्या पानावर ढगाळ आकाशाची पांढरी चकाकी बसते आणि ती रंग झाकून टाकते, म्हणून फोटो फिका येतो आणि मग आपण स्लायडर ओढतो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लावा, रिंग हळूहळू फिरवा, एका ठिकाणी चकाकी विरते आणि खालचा हिरवा एकदम वर येतो, बघाच एकदा. हा फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा बागेत अंधारलं असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा नाहीतर हात हलून फोटो जाईल.

आता लाल. परसातल्या जास्वंदीचा फोटो काढला की पाकळीवरच्या बारीक शिरा गायब आणि नुसता लाल डाग उरतो, असं माझं कित्येक वर्षं व्हायचं. मी फोकसला दोष देत बसले होते. खरं कारण म्हणजे लाल चॅनेल जळतो, म्हणजे फोटोतला लाल हद्दीबाहेर जाऊन त्यातले बारकावे पुसले जातात, आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ते बऱ्याचदा दाखवतच नाही, म्हणून लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या. शिरा परत येतात! हर्णै बंदरावरच्या लाल-केशरी होड्यांनाही हाच उपाय.

तिथेच संध्याकाळी अजून एक घोळ होतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा सांभाळणारी सेटिंग, ऑटोवर असला की कॅमेरा मावळतीचा तांबूस उजेड चूक समजून धुऊन काढतो, मग समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या भिंती राखाडी येतात. सूर्याचं चिन्ह निवडा, म्हणजे साधारण ५,२०० ते ५,५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप), किंवा सरळ रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि घरी ठरवा.

फोनवाल्यांनो, स्क्रीन व्हिव्हिड मोडवर ठेवून रंग ठरवू नका, नॅचरल करा. आणि प्रिंटला देताना फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या, अ‍ॅडोब आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतली फाइल साध्या लॅबमध्ये बहुतेक वेळा मळकी येते.