लॅपटॉपला ओरखड्यांपासून जपताना या चुका टाळा

लॅपटॉपवर ओरखडे पडू नयेत म्हणून आपण जे उपाय करतो, त्यांतलेच काही उपाय पुष्कळदा ओरखड्यांचे कारण ठरतात. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. पदार्थ किती कठीण आहे हे १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोह्सच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे, तर अ‍ॅल्युमिनियमचा जेमतेम ३; म्हणजेच हे कण या धातूवर सहज ओरखडे पाडू शकतात. धातूच्या बॉडीवर विद्युत-रासायनिक प्रक्रियेने तयार केलेला अ‍ॅनोडायझिंगचा कठीण थर असतो खरा, परंतु तो अतिशय पातळ असतो आणि एकदा तो भेदला गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो.

सर्वांत मोठी चूक कडक प्लास्टिकच्या केसबाबत होते. केस एकदा चढवली की ती महिनोन्‌महिने काढलीच जात नाही. दरम्यान कडांच्या फटींतून धूळ आत शिरते, बॅगेत चालताना केस किंचित हलत राहते आणि अडकलेले कण झाकणावर घासत राहतात. अशी केस काढून झाकण उजेडात तिरके धरले, तर कोपऱ्यांजवळ, जिथे केसची पकड असते नेमके तिथेच, बारीक करड्या रेघांचे जाळे दिसते. केस वापरायचीच असेल तर ती चढवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग पुसावेत आणि पंधरवड्यातून एकदा ती काढून स्वच्छ करावी. माझ्या मते नेहमीच्या वापरासाठी चांगल्या प्रतीचे विनाइल स्किन, म्हणजे चिकटवायचे पातळ आवरण, अधिक बरे, कारण ते पृष्ठभागाला पूर्ण चिकटत असल्याने मध्ये धूळ शिरायला फारसा वाव राहत नाही. मात्र ते लावताना हवेच्या जाळ्या झाकल्या जाऊ नयेत.

चार्जर, किल्ल्या आणि लॅपटॉप बॅगेच्या एकाच कप्प्यात ठेवू नयेत. लोकलच्या गर्दीत बॅग दाबली जाते तेव्हा चार्जरच्या पिना झाकणात रुततात. शिवाय त्याच दाबाने कळांवरचा तेलकटपणा स्क्रीनवर उमटतो. असे चौकोनी डाग दिसले की ते ओरखडेच आहेत असे समजून घाबरू नये. किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने ते बहुधा निघून जातात. वेबकॅमवर जाड सरकते झाकण चिकटवून लॅपटॉप मिटू नये, त्याने स्क्रीनला तडा जाऊ शकतो.

तळहाताखालच्या भागाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. घड्याळाचा स्टीलचा पट्टा, कडे किंवा बांगड्या तिथे रोज घासतात, म्हणून टाइप करताना त्या काढून ठेवणे उत्तम. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामातले क्षारही अ‍ॅल्युमिनियमवर बारीक खड्डे पाडू शकतात. काम संपल्यावर तो भाग पुसून घेण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

पुसतानाही कोरड्या कापडाने जोर लावून घासू नये. आधी मऊ ब्रशने धूळ झटकावी, मगच ओलसर कापड फिरवावे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा ब्लीच यांचा वापर अजिबात करू नये. रबरासारखा मऊ लेप असलेल्या मॉडेलवर सॅनिटायझरचे हातही वारंवार टेकवू नयेत, कारण असा लेप पुढे चिकट होऊ शकतो.

ओरखडा पडलाच, तर त्यावर हलकेच नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर तो वरवरचा, किंवा दुसऱ्या वस्तूचा रंग लागल्यामुळे दिसणारा डाग असण्याची शक्यता जास्त. नख अडकत असेल तर टूथपेस्ट किंवा मेटल पॉलिशने तो घालवण्याचा प्रयत्न करू नये. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, आणि पॉलिशने अ‍ॅनोडायझिंगचा थर झिजून एका रेघेच्या जागी मोठा चकाकणारा पट्टा उरतो. तिथे स्किन लावणे हाच शहाणपणाचा मार्ग.

एक लक्षण मात्र झीज समजून सोडून देऊ नये. खालचे कव्हर मधोमध फुगलेले दिसत असेल, टचपॅड वर उचलले गेले असेल किंवा केस अचानक नीट बसेनाशी झाली असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी कव्हर दाबून बसवू नये. चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि तो थेट सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावा.