व्हिजिट चार्ज ठरवताना या चुका टाळा

नळ गळतोय म्हणून फोन येतो. प्लंबर हडपसरहून कोंढव्याला जातो, वॉशर बदलतो आणि दीडशे रुपये घेऊन परत येतो. जाण्यायेण्याचा वेळ आणि पेट्रोल त्याच्याच खिशातून गेलं. वायरमन, एसी-फ्रीज दुरुस्त करणारे, सगळ्यांचं असंच होतं, कारण बहुतेकांनी दर हिशेबाने नाही, शेजारचा किती घेतो ते ऐकून ठरवलेला असतो.

हिशेब असा मांडा. समजा, घरी महिन्याला ३०,००० रुपये न्यायचेत. पेट्रोल, मोबाईल, हत्यारांची झीज, गाडीची सर्व्हिसिंग आणि आजारपणासाठी बाजूला ठेवायचे पैसे मिळून ९,०००. एकूण ३९,०००, महिन्याला २६ दिवस कामाचे धरले तर दिवसाला १,५००. सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक याला आठ तासांनी भागतात. पण सामान आणण्यात, फोनवर बोलण्यात, पुढच्या कामाची वाट बघण्यात तीनेक तास जातातच. गिऱ्हाइकाकडून वसूल होतील असे तास प्रवास धरून पाचच उरतात. म्हणजे तासाचे ३००. जाण्यायेण्याला ४० मिनिटं आणि तपासायला २० मिनिटं लागत असतील, तर व्हिजिट चार्ज ३०० झाला. डोंबिवलीतले आकडे सांगोल्यात चालणार नाहीत, पण रीत हीच. गावाबाहेरच्या वस्त्यांसाठी अंतराप्रमाणे टप्पे पाडा.

‘काम दिलंत तर व्हिजिट माफ’ हे सरसकट म्हणू नका. मोटर काढून बसवायचं मोठं काम असेल तर खुशाल माफ करा, पण वॉशरच्या कामात माफ करण्यासारखं काही उरतच नाही.

काही जण व्हिजिट फुकट देतात आणि शंभराचा कॉक दोनशेला लावतात. हे मला अजिबात पटत नाही. गिऱ्हाईक मोबाईलवर किंमत बघतं आणि पुन्हा बोलावत नाही. एमआरपीच्या वर पैसे घेणं तर कायद्यानेही चूक आहे. सामानाचं बिल दाखवा, मजुरी वेगळी लिहा.

‘नुसतं बघायचे पैसे कसले?’ हा वाद दारात होतो, कारण फोनवर दर सांगितलेलाच नसतो. निघण्याआधी सांगा: “काका, येऊन तपासायचे तीनशे होतील. कामाचे किती ते बघून सांगतो, तुम्ही हो म्हणालात तरच हात लावतो.” तेच व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा. रात्री नऊनंतर किंवा सणाच्या दिवशी दीडपट घेणार असाल तर तेही आधीच सांगा.

फ्लॅट मोठा दिसला म्हणून दर वाढवू नका. एकट्या राहणाऱ्या आजींना सवलत द्यावीशी वाटली तर जरूर द्या, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून मग वजा करा. नाहीतर तोच आकडा सोसायटीभर तुमचा दर म्हणून फिरतो.

जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावू नका. तसा अधिकारच नसतो. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही.

केलेलं काम पंधरा दिवसांत पुन्हा बिघडलं तर फेरीचे पैसे घेऊ नका. दुसराच बिघाड निघाला तर मात्र घ्या. हे दोन्ही बिलाच्या खाली छापून घ्या.